इभ्रतीचे मोल, गाईंच्या हिशेबात

१३५० सालच्या नाताळाच्या आदल्या रात्री आयर्लंडमध्ये एक विशीतला तरुण कायद्याची पोथी पुढ्यात घेऊन बसला होता. त्याचे नाव एध मॅकइगन. घराणे पिढीजात न्यायशास्त्र्यांचे आणि पोथी बापाची. महामारी आयर्लंडात शिरली त्याला हे दुसरे वर्ष होते. एधने पोथीच्या समासात चार ओळी लिहून ठेवल्या. आजची रात्र कोणती, आपले वय काय, हे त्याने नोंदवले. या साथीतून देवाने आपल्याला सुखरूप पार न्यावे, आणि जो कोणी हे वाचेल त्याने आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी, अशी विनवणी केली. पुढच्या वर्षी त्याच रात्री त्याने त्याच पोथीत आणखी एक नोंद केली. तो जगला होता. पुढे आयर्लंडातला निवडक न्यायशास्त्री म्हणून त्याचा लौकिक झाला आणि १३५९ साली तो वारला.

त्याच्या हातातला कायदा तेव्हाच सहाशे वर्षांहून जुना होता. ‘शेनखस मार’ म्हणजे ‘थोर परंपरा’ हे त्या संग्रहाचे नाव. पन्नासेक लहानमोठे ग्रंथ त्यात एकत्र बांधलेले होते, आणि आयरिश कायद्याचे बहुतेक मूळ ग्रंथ सातव्या-आठव्या शतकात, ढोबळमानाने ६५० ते ७५० या काळात लिहिले गेले. युरोपच्या मुख्य भूमीवर तेव्हा कायदा लॅटिनमध्ये लिहीत. आयरिश लोकांनी तो आपल्या मायबोलीत लिहिला. पण सहाशे वर्षांत बोली इतकी पालटली की एधच्या पिढीला मूळ वचन समजून घ्यायला टीका लागे, टीकेवर आणखी टीका लागे. म्हणून पोथीत मूळ वचन ठसठशीत मोठ्या अक्षरात, आणि ओळींच्या मधल्या जागेत, समासात, मिळेल तिथे बारीक अक्षरातले भाष्य. एखाद्या सूत्रग्रंथावर टीकांचे थर चढत जावेत, तशीच ही परंपरा वाढली.

हा कायदा ज्या समाजाचा होता, त्याच्याकडे आधी पाहायला हवे, कारण आज ज्यांना आपण कायद्याचे खांब समजतो त्यांतला एकही तिथे उभा नव्हता. रोमन फौजा त्या बेटावर राज्य करायला कधी गेल्या नाहीत. नगरे नव्हती, नाणे नव्हते. शंभर-दीडशे छोटी राज्ये होती. अशा राज्याला ‘तूअथ’ म्हणत आणि प्रत्येकाला स्वतःचा राजा असे. छोट्या राजावर मोठा राजा, त्याच्यावर त्याहून मोठा. माणसे विखुरलेल्या वस्त्यांवर राहत, मातीच्या गोल बांधाने वेढलेल्या घरांत. असे चाळीस हजारांहून अधिक गोल बांध आयर्लंडच्या कुरणांत आजही ओळखू येतात. संपत्ती मोजायची ती दुभत्या गाईंत. पोलीस नव्हते, तुरुंग नव्हते, सरकारी वकील नव्हता. राजा सहसा कायदा करीत नसे; तो जुना कायदा पाळी आणि पाळायला लावी. निवाडा सांगायला ‘ब्रेहन’ असे. वर्षानुवर्षे कायदा मुखोद्गत करून आलेला हा विद्वान निवाडा देई, पण तो अमलात आणायला त्याच्या हाताखाली एकही शिपाई नसे.

मग हरलेला माणूस भरपाई देई ती कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर त्या समाजाच्या गाभ्यात आहे. तिथे प्रत्येक स्वतंत्र माणसाच्या इभ्रतीला ठरलेली किंमत होती. इभ्रत हा तिथे हिशेबाचा विषय होता. सात गाई बाळगणाऱ्या नवख्या शेतकऱ्याची इभ्रत दीड गाईची. बारा गाई, सत्तावीस फुटांचे घर आणि गिरणीत वाटा असलेल्या भरभक्कम शेतकऱ्याची अडीच गाईंची. छोट्या राज्याच्या राजाची एकवीस गाईंची. सातशे सालच्या आसपास रचलेल्या ‘क्रीथ गव्लख’ या ग्रंथात या पायऱ्या एकेक करून सांगितल्या आहेत: कुणाकडे किती गुरे, किती डुकरे, घर केवढे, भांडी कोणती, नांगर आहे की नांगराचा वाटा आहे, सोबत किती माणसे घेऊन तो पाहुणा म्हणून जाऊ शकतो. कुणी तुमचा अपमान केला, चोरी केली, तुमच्या घरात शिरून दांडगाई केली, तर ही किंमत तुम्हाला मिळे. आणि तुमच्या शब्दाची पतही तेवढीच असे. आपल्या इभ्रतीहून मोठ्या रकमेचा करार माणसाला स्वतःच्या बळावर करता येत नसे, तेवढ्याहून मोठ्या रकमेला जामीन राहता येत नसे, आणि कोर्टात त्याच्या शपथेला त्याच्याहून वरच्या दर्जाच्या माणसाची शपथ पुरून उरे.

जीव घेतला तर मात्र एक रक्कम सर्व स्वतंत्र माणसांना सारखी होती: एकवीस गाई. त्याच्यावर मृताच्या नातलगांच्या इभ्रतीची किंमत. मारून प्रेत लपवले तर दुप्पट. ही भरपाई खुन्याने द्यायची; त्याला झेपली नाही तर त्याच्या भाऊबंदांनी. भाऊबंद म्हणजे कोण, हेही बांधलेले होते: एका पणजोबाची पुरुषवंशातली सगळी संतती, म्हणजे सख्खे, चुलत आणि चुलतचुलत भाऊ. जमीन या भाऊबंदांची. एकट्याने ती गोताला न विचारता विकता येत नसे. गुन्हाही त्यांचाच. त्यामुळे तापट पोराला आवरायला राजाचा माणूस लागत नव्हता. ज्यांची गुरे दावणीतून सुटून दुसऱ्याच्या गोठ्यात जाणार होती, ते चुलतेच त्याचा हात धरीत. आणि एखादा आवरतच नसेल, तर गोत त्याला रीतसर वाळीत टाके. तसा वाळीत टाकलेला माणूस म्हणजे जिवंतपणी मेलेला, कारण त्याच्यासाठी कोणी देणार नाही आणि त्याला मारले तर कोणी मागणार नाही.

या रचनेत एक भयंकर फट होती, आणि ती त्या न्यायशास्त्र्यांना पुरती ठाऊक होती. भावाने भावाला मारले तर भरपाई कोणी कोणाला द्यायची? सूड घ्यायचा तर पुन्हा आपल्याच रक्ताचा. म्हणून स्वकीयाचा वध हे त्यांच्या लेखी सर्वांत घोर पाप. अशा काही गुन्हेगारांना ते समुद्रावर सोडून देत: छोटी होडी, एक वल्हे, थोडी पेज, आणि वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असताना. मारले कोणी नाही आणि वाचवलेही कोणी नाही. होडी परत किनाऱ्याला लागली तर देवाची मर्जी समजत.

इभ्रत मिळते तशी जातेही, आणि ती राजाचीही जाते, हा या कायद्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. खोटा निवाडा देणारा राजा, लढाईत पाठीवर घाव खाणारा राजा, चोरीचे अन्न खाणारा राजा, कवीने केलेली निंदा निमूट गिळणारा राजा, यांची एकवीस गाईंची किंमत उरत नसे. हाती कुऱ्हाड, फावडे किंवा हातोडा घेऊन काम करताना दिसला तरी तो साध्या कुणब्याच्या पायरीवर उतरे. यात श्रमांची हेटाळणी आहे, ती मी लपवत नाही. पण ‘क्रीथ गव्लख’मध्येच राजाच्या आठवड्याची आखणी आहे, आणि ती वाचताना कळते की राजपद म्हणजे त्यांना एक नेमून दिलेले काम वाटत होते. रविवारी प्रजेबरोबर मद्यपान, सोमवारी न्यायनिवाडा, मंगळवारी पटावरचा खेळ, बुधवारी शिकारी कुत्र्यांची धाव पाहणे, गुरुवारी राणीचा सहवास, शुक्रवारी घोड्यांच्या शर्यती, शनिवारी पुन्हा न्याय. सातांतले दोन दिवस लोकांच्या तक्रारींचे.

बरोबरीच्या माणसाकडून येणे वसूल करायची रीत सरळ होती. आधी सूचना द्यायची, ठरलेले दिवस थांबायचे, मग साक्षीदार घेऊन देणेकऱ्याची गुरे हाकून आणायची आणि कोंडवाड्यात घालायची. देणेकऱ्याने तरी दाद दिली नाही, तर दिवसागणिक त्यांतली थोडी थोडी गुरे धनकोची होत जात. प्रत्येक टप्प्याला मुदत होती, कारण प्रत्येक टप्प्याला समेटाची वाट उघडी ठेवायची होती.

पण देणेकरी राजा असेल, बिशप असेल, मोठा कवी असेल तर? त्यांची गुरे हाकायला कोण जाणार? त्यांच्यासाठी कायद्याने उपास सांगितला. धनको संध्याकाळी त्या बड्या माणसाच्या दाराशी जाऊन बसे आणि अन्न घेत नसे. बहुधा सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, म्हणजे दिवसाचे मुख्य जेवण चुकेपर्यंत. आत बसलेल्याने तेवढ्यात जामीन किंवा तारण द्यायला हवे. दाराशी उपाशी माणूस बसलेला असताना तो आत जेवला, तर मूळ देण्याच्या दुप्पट त्याच्या माथी. आणि उपोषणाला दादच दिली नाही, तर त्याची इभ्रतच संपली. मग त्याचे स्वतःचे येणे त्याला कोणाकडूनही कायद्याने मागता येत नसे. उलट बाजूही होती. योग्य तारण पुढे केल्यावरही जो हट्टाने उपास सोडत नाही, त्याचा हक्क बुडे. दुबळ्याच्या हातात दिलेले हे हत्यार होते, पण त्यालाही म्यान होते.

मराठी वाचकाला इथे धरणे आठवले असेल. ते सर हेन्री मेन यांनाही आठवले होते. मेन १८६२ ते १८६९ हिंदुस्थानात व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होते. इंग्लंडला परतल्यावर नुकत्याच छापून येऊ लागलेल्या आयरिश कायद्याचे खंड त्यांच्या हाती आले, आणि १८७५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी आयरिश उपोषण व इथले दाराशी बसणे शेजारी शेजारी ठेवले. ज्या धरण्याला १८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ५०८ खाली गुन्ह्याचे उदाहरण म्हणून नोंदवले होते, त्याचेच दुसरे रूप युरोपच्या पश्चिम टोकाला हजार-बाराशे वर्षांपूर्वी कायद्याचे साधन म्हणून लिहून ठेवलेले होते.

या दोन देशांना जोडणारा आणखी एक माणूस आहे, आणि त्याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही. डब्लिनचा व्हिटली स्टोक्स. तोही १८६२ साली हिंदुस्थानात आला आणि वीस वर्षे राहिला. १८७७ ते १८८२ तो कायदा सदस्य होता. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा, ज्याच्या आधारे आपल्याकडची घरे-जमिनी आजही विकल्या-गहाण टाकल्या जातात, तो याच काळातला. दिवसा तो हिंदुस्थानसाठी कायद्यांचे मसुदे करी, आणि उरलेला वेळ जुन्या आयरिश पोथ्यांना देई. १८७७ साली त्याने संत पॅट्रिक, ब्रिजिट आणि कोलंबा यांच्यावरची मध्ययुगीन आयरिश प्रवचने कोलकात्याला छापली. पॅट्रिकचे जे मोठे आयरिश चरित्र त्याने पुढे १८८७ मध्ये संपादून प्रसिद्ध केले, त्यात पॅट्रिक डोंगरावर चाळीस दिवस उपास करतो आणि देवदूताशी घासाघीस करून एकेक सवलत पदरात पाडून घेतो. साक्षात देवाच्या दाराशी धरलेले हे धरणे.

विसाव्या शतकातल्या आयरिश देशभक्तांच्या आमरण उपोषणाचा धागा थेट या कायद्याशी जोडण्याचा मोह होतो. तो जपून जोडावा. कायद्यातला उपास एका रात्रीचा होता, मरणासाठी नव्हता. मध्ये दुवा आहे तो कवी येट्सच्या नाटकाचा. १९०३ साली रंगमंचावर आलेल्या त्याच्या नाटकात एक कवी राजाच्या उंबरठ्यावर अन्नत्याग करतो. १९२० मध्ये कॉर्क शहराचा महापौर टेरेन्स मॅकस्विनी इंग्रजांच्या तुरुंगात चौऱ्याहत्तर दिवसांच्या उपोषणानंतर वारला, आणि त्यानंतर येट्सने नाटकाचा शेवट बदलून आपल्या कवीलाही मरण दिले.

इभ्रतीच्या या हिशेबाला एक हळवी बाजूही होती. एखाद्याने दुसऱ्याला जबर जखमी केले, तर नुसते गाई देऊन सुटका नव्हती. त्याची शुश्रूषा करावी लागे. ‘ब्रेथा क्रोलिगे’ हा ग्रंथ सगळा याच विषयाला वाहिलेला आहे. नऊ रात्रींनंतर वैद्य पाहून सांगे की माणूस जगणार की नाही. जगणार पण आजार लांबणार असे दिसले, तर त्याला तिसऱ्याच एखाद्याच्या घरी हलवत. अन्न, वैद्य, दर्जाप्रमाणे सोबत येणारी माणसे, सगळा खर्च मारणाऱ्याचा. जखमी माणूस घरी जे काम करीत होता, ते करायला बदली माणूसही त्यानेच द्यायचा. आणि त्या घरात काय होऊ नये, याची यादी तर वाचावी अशी आहे. वेड्याखुळ्यांना आत सोडू नये. खेळ मांडू नयेत. बातम्या सांगू नयेत. मुलांना मारू नये. बायका-पुरुषांनी एकमेकांवर हात उगारू नये. आजाऱ्याच्या समोर किंवा दाराबाहेर कुत्री भांडू देऊ नयेत. आरडाओरडा नको, डुकरांचे गुरगुरणे नको. खाण्यात सेलरी हवी, कारण ती गुणकारी. ज्या काळाला आपण सहज रानटी म्हणून टाकतो, त्या काळातल्या कुणा शास्त्र्याला दुखणेकऱ्याच्या उशाशी शांतता हवी, हे कळत होते, आणि त्याने ते कायद्यात लिहिले. मात्र ‘क्रीथ गव्लख’ रचणाऱ्याने सातशेच्या सुमारासच नोंदवून ठेवले आहे की ही प्रथा आता उरली नाही, लोक तिच्याऐवजी ठरलेली रक्कम देतात.

जखम मोजायची रीत त्याच समाजाचा दुसरा चेहरा दाखवते. वैद्यकाच्या ग्रंथात जखमेची लांबी धान्याच्या दाण्यांनी मोजलेली आहे, पण दाणा सगळ्यांना एक नाही. राजाची किंवा बिशपची जखम गव्हाच्या दाण्याने मोजायची. दर्जा उतरत जाईल तसा दाणा मोठा होत जातो. दाणा लहान तितके दाणे जास्त, आणि दाणे जास्त तितकी भरपाई मोठी. एकाच लांबीची जखम, पण कुणब्याची कमी दुखते असे गृहीत.

शेजारधर्माचे कायदे वाचताना मात्र मन रमते. मधमाश्यांवर त्यांचा एक स्वतंत्र ग्रंथ आहे. तुझ्या माश्या माझ्या फुलांवर चरतात, तर मधात माझा वाटा किती? गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली तर बांध घालता येतो, माश्यांना कोण बांध घालणार? शास्त्र्यांनी तोड काढली: पोळे धरणाऱ्याला तीन वर्षे मोकळीक, मग त्याच्या थव्यांतून शेजाऱ्यांना हिस्सा. माशी डसली तर डसलेल्याला पोटभर मध द्यायचा, त्याने माशी मारलेली नसली तर. आणि याच ग्रंथात इतिहासाचा एक तुकडा सापडतो. कोंगल नावाच्या राजाचा एक डोळा माशीच्या डंखाने गेला, आणि व्यंग असलेला माणूस राजा राहू शकत नाही म्हणून त्याला तारा या टेकडीवरचे मानाचे राजपद सोडावे लागले. हा कोंगल ६३७ साली माग राथच्या लढाईत मारला गेला. ताराचा मान एका माशीने हिरावला, हे इतर पोथ्यांनी नव्हे, कायद्याच्या पोथीने जपले.

पाण्याच्या पाटावर दुसरा ग्रंथ. गिरणीसाठी पाट न्यायचा तर तो शेजाऱ्याच्या शिवारातून जाणार. शेजाऱ्याला नाही म्हणता येत नसे, पण मोबदला किंवा गिरणीवर दळायची पाळी त्याला मिळे. या गिरण्या खऱ्याच होत्या: स्ट्रँगफर्ड खाडीवरच्या नेन्ड्रमच्या मठात भरतीच्या पाण्यावर चालणारी जी गिरणी उकरून काढली, तिच्या लाकडाचे वय ६१९ सालचे निघाले. झाडांचीही अठ्ठावीस जातींची उतरंड होती, सात-सातांच्या चार पायऱ्यांत. ओक, हेझल, होली, यू, ॲश, पाइन आणि रानसफरचंद ही वृक्षांतली सरदार मंडळी. त्यांना तोडले तर दंडही सरदारी. मांजराचाही भाव ठरलेला: उंदरांपासून राखण करणाऱ्या आणि घुरघुरणाऱ्या मांजराची किंमत तीन गाई, नुसत्याच घुरघुरणाऱ्याची दीड.

स्त्रियांविषयी मात्र हल्ली जे लिहिले जाते, ते वाचून थांबावेसे वाटते. प्राचीन आयर्लंडात बाई पुरुषाच्या बरोबरीची होती, असे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. पोथ्या तसे सांगत नाहीत. सर्वांत जुन्या थरातले वचन असे की मुलीवर बापाची नजर, बायकोवर नवऱ्याची, विधवेवर मुलांची, आणि कोणीच नसेल तर गोताची. हे कानावर पडताच आपल्याला मनू आठवतो, आणि डॅनियल बिंचीसारख्या आयरिश कायद्याच्या अभ्यासकांनी ते साम्य केव्हाच टिपले आहे. बाईची साक्ष सहसा चालत नसे. आणि ज्या एककात मोठे व्यवहार मोजले जात, त्याचे नाव ‘कुमल’. तीन गाईंएवढे हे एकक मुळात एका गुलाम स्त्रीचे होते. गाई आणि बाई एका तराजूत तोलणारा समाज आदर्श म्हणून पुढे ठेवता येणार नाही. संत पॅट्रिक स्वतः कोवळ्या वयात आयर्लंडात गुलाम म्हणून राबला होता, आणि त्याच्या नवदीक्षित शिष्यांना पकडून गुलाम करणाऱ्या कोरोटिकस या सरदाराच्या सैनिकांना त्याने लिहिलेले संतापाचे पत्र आज उपलब्ध आहे.

तरी कायदा जागच्या जागी राहिला नाही. विवाहावरच्या ‘कान लानव्ना’ या ग्रंथात स्त्री-पुरुष संबंधांचे नऊ प्रकार आहेत, आणि पहिले तीन मालमत्तेवरून ठरतात: दोघांनी बरोबरीने आणलेले घर, नवऱ्याच्या मालमत्तेवर उभे घर, बायकोच्या मालमत्तेवर उभे घर. पहिल्या प्रकारात नवऱ्याने तोट्याचा करार केला तर बायको तो हाणून पाडू शके. फारकत होई तेव्हा वाटणी श्रमांच्या हिशेबाने: विणून झालेल्या कापडाचा अर्धा वाटा बाईला, विंचरलेल्या लोकरीचा तिसरा, कातरलेल्या कच्च्या लोकरीचा सहावा. जितके हात लागले तितका हक्क. नवऱ्याने मारून अंगावर व्रण उठवला, चारचौघांत बदनामी केली, शेजेवरच्या गोष्टी बाहेर सांगितल्या, उपाशी ठेवले, तर बाई त्याला सोडून आपले वधूशुल्क घेऊन जाऊ शके. राज्याची वैद्य असलेल्या बाईचा आणि कारागीर बाईचा उल्लेखही येतो. शेन्खा नावाच्या न्यायशास्त्र्याची एक कथा आहे. जमिनीवर हक्क सांगायला पुरुष घोडे घेऊन शिरतो, तसेच बाईनेही शिरावे, असा चुकीचा निवाडा त्याने दिला आणि त्याच्या गालांवर फोड उठले. ब्रीग या स्त्रीने तो निवाडा दुरुस्त केला: बाईने मेंढ्या, कणीक मळायची काथवट आणि चाळण घेऊन शिरावे. तेव्हा शेन्खाचे फोड बसले. कथा आहे, पण ती न्यायशास्त्र्यांनीच सांगितली, स्वतःच्या विरुद्ध.

आणि ६९७ साल तर लक्षात ठेवण्याजोगे. आयोनाच्या मठाचा प्रमुख अडोम्नान याने बर या गावी धर्मगुरू आणि राजे एकत्र आणले आणि लढाईत स्त्रिया, मुले व धर्मगुरू यांच्यावर हात टाकायचा नाही, असा कायदा संमत करून घेतला. हमी देणाऱ्या एक्याण्णव जणांची यादी टिकून आहे. जामीन घेतल्याशिवाय कोणाच्या शब्दाला अर्थ नाही, हे आयरिश सूत्र त्याने राजांनाच लावले.

असा कायदा ख्रिस्ती झालेल्या देशात टिकला, कारण लिहिणारे हात मठांत शिकलेले होते. मन्स्टरमधला एक कायदेसंग्रह तर एकाच घराण्यातल्या तिघांनी, एका बिशपने, एका कवीने आणि एका न्यायशास्त्र्याने मिळून रचला. दोन परंपरांचा मेळ घालताना त्यांना काय काय करावे लागले, ते ‘शेनखस मार’च्या प्रस्तावनेतल्या कथेत दिसते. नूअदू नावाच्या माणसाने पॅट्रिकचा सारथी मारला. क्षमा करावी तर खून माजतील, सूड घ्यावा तर शुभवर्तमान खोटे ठरेल. डुव्थख कवीने निवाडा दिला: देहाला मृत्यू आणि आत्म्याला स्वर्ग. अनेक बायका कराव्यात की एक, या वादातही शास्त्र्यांनी बायबलच पुढे केले: देवाच्या निवडलेल्या लोकांनाही अनेक बायका होत्या, मग निंदा कशी करणार?

११६९ मध्ये नॉर्मन आले, तरी हा कायदा लगेच मेला नाही. उलट नॉर्मन सरदारच तो वापरू लागले. १३६६ साली किल्केनीच्या अधिनियमांनी इंग्रज वसाहतकऱ्यांना त्याची बंदी केली, ती याच भीतीने. १५६० च्या दशकात क्लेअरमधल्या बरनच्या खडकाळ माळावर ओ’डॅव्होरन घराण्याच्या पाठशाळेत विद्यार्थी अजून पोथ्या उतरवून घेत होते. मग मात्र वरवंटा फिरला. १६०६ आणि १६०८ च्या निर्णयांत इंग्रज सरकारचे आयर्लंडातले वकील सर जॉन डेव्हिस यांच्या काळच्या इंग्रज न्यायाधीशांनी भाऊबंदांतली जमिनीची वाटणी आणि सरदारकीचा आयरिश वारसाहक्क अवैध ठरवला. खुनाला फाशीऐवजी भरपाई, हे डेव्हिसना रानटीपणाचे लक्षण वाटत होते.

१८५२ मध्ये ब्रिटिश सरकारने या पोथ्या छापण्यासाठी आयोग नेमला. जॉन ओ’डोनव्हन आणि यूजीन ओ’करी या दोघांनी हजारो पाने उतरवून अनुवादली आणि पहिला खंड १८६५ साली बाहेर पडायच्या आधीच दोघेही वारले. सातव्या शतकातली बोली त्यांना सर्वत्र उलगडली नव्हती. त्या अनुवादातल्या चुकांवर स्टोक्सने कठोर टीका केली. स्विस विद्वान रुडॉल्फ थुर्नआइझेनने पुढे त्या भाषेचे व्याकरण पक्के बसवले, आणि त्याचा वारसा घेऊन डॅनियल बिंचीने १९७८ साली सगळे मूळ ग्रंथ सहा खंडांत, तेवीसशेंहून अधिक पानांत छापले. अनुवाद नाही, नुसते मूळ. त्यातले कितीतरी ग्रंथ आजही आधुनिक अनुवादाची वाट पाहत आहेत.

ही सगळी व्यवस्था उच्चनीचतेवर उभी होती, आणि गुलामाला तिच्यात कोणतीच इभ्रत नव्हती, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत. पण तुरुंग आणि पोलीस यांच्याशिवायही माणसे हजार वर्षे न्याय मागत आणि देत राहिली, हेही खरे आहे. आणि त्याचे कारण जामीन, गोत आणि चारचौघांतली पत. मराठेशाहीतले महजर, निवाडपत्रे, जामीनकतबे आणि यजितखते मोडीतून वाचणाऱ्या आपल्याकडच्या तरुण अभ्यासकांना माझी विनंती आहे: फर्गस केली यांचे १९८८ सालचे आयरिश कायद्यावरचे पुस्तक एकदा शेजारी ठेवून गोतसभेचे कागद वाचावेत. मेननी दीडशे वर्षांपूर्वी सुरू केलेली तुलना पुढे नेण्याइतके साहित्य आपल्या दप्तरखान्यांत पडून आहे.